सत्यवादी शाळेतलं एक खरं उत्तर

नवप्रकाश हायस्कूल, भरवेली, येथील विद्यार्थ्यांच्या वृत्ती आणि मूल्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आणि त्यातून निष्कर्ष असा निघाला की, गणिताचे मास्तर खेमराज मेश्राम यांनी संशोधन करणाऱ्या बाईंशी लग्न करावं. त्याप्रमाणे त्यांनी केलं.

हे वाक्य आता विसरून जा. असं काही अजून झालेलंच नाही. लग्न नाही, निष्कर्ष नाही, अभ्याससुद्धा नाही. अडुसष्ट सालच्या डिसेंबरातली एक गार सकाळ आहे आणि सडाफटिंग खेमराज बालाघाटहून भरवेलीला निघालेल्या बसच्या मागे सायकल मारत धूळ खात चालला आहे. धूळ खाणीतल्या मँगनीजची. शाळेत पोचेपर्यंत पांढऱ्या शर्टाचा राखाडी होतो, म्हणून त्याने शर्ट राखाडीच शिवून घेतले होते. माणूस असा दूरदृष्टीचा. फक्त बसच्या टपाकडे त्याचं लक्ष नव्हतं.

टपावर दोन पेट्या, एक बकरी आणि चादरीत बांधलेलं एक गाठोडं होतं. वळणावर बकरी उठून उभी राहिली आणि गाठोडं खाली आलं. चादर सुटली. कागद उडाले... रस्त्यावर, पळसाच्या झाडांवर, शांत उभ्या असलेल्या एका म्हशीच्या पाठीवर. बस थांबली आणि तिच्यातून एक मुलगी उतरून धावत सुटली. एका चपलेचा अंगठा तुटलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि तोंडाने ओरडणं चालू —

"अहो सायकलवाले! थांबा! चाक उचला!"

खेमराज थांबला. "कोनतं? दोन आहेत."

"ज्याच्याखाली माझा विद्यार्थी आहे ते!"

त्याने घाबरून खाली पाहिलं. चाकाखाली एक छापील कागद होता.

"हा विद्यार्थी?"

"एका कागदावर एक विद्यार्थी." ती धापा टाकत म्हणाली. कपाळावरची बट तिने मनगटाने मागे सारली आणि मनगटावरची काळी धूळ कपाळाला लागली. "तुम्ही त्याच्या अंगावरून सायकल नेली."

"अजून भरला नाई तो. वाचंल."

ती हसणार नाही असं ठरवून हसली. पण खेमराजचं तिकडे लक्ष नव्हतं... म्हणजे होतं, फक्त तिकडेच होतं, पण हातात कागद असल्याने वाचल्यासारखं करणं भाग होतं. त्याने मोठ्याने वाचलं —

"रस्त्यात एखादी वस्तू सापडल्यास तुम्ही काय कराल? अ, मालकाला परत करीन. ब, पोलीस चौकीत जमा करीन. क, ठेवून घेईन. ड, पाहिलं न पाहिल्यासारखं करीन." त्याने मान वर केली. "मालक समोर उभी असंल तर?"

"तर अ."

"आन् रागात असंल तर?"

"तर धावत अ."

तो धावला. दोघांनी मिळून कागद गोळा केले; म्हशीवरचे त्याने, कारण म्हैस त्याच्या ओळखीची होती. तिने नाव सांगितलं, यशोधरा रामटेके. नागपूरला एम.एड. करते. 'हायस्कूलच्या विद्यार्थ्यांच्या वृत्ती आणि मूल्ये' हा विषय. नवप्रकाश हायस्कूलला जायचं आहे.

"मी तिथलाच," खेमराज म्हणाला.

"विद्यार्थी?"

"मास्तर!"

"अगं बाई... सॉरी हं." आणि ती पुन्हा तशीच, न हसण्याचं ठरवून.

चाकाचा ठसा उमटलेला तो एक कागद मात्र खेमराजने तिची नजर चुकवून शर्टाच्या आत सरकवला. पर्याय क.

शाळेचे मुख्याध्यापक दुलीचंद बिसेन. त्यांना सगळे बडे सर म्हणत, कारण छोटे सर म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. आवाज, पोट, छडी सगळं मोठं. संशोधन म्हणजे तपासणीचाच एक प्रकार असणार, असं त्यांनी पाहताक्षणी ओळखलं.

"काय पाहायचं आहे बाई? हजेरीपट, फर्निचर, पिण्याच्या पान्याची टाकी?"

"मला मुलांची मनं पाहायची आहेत, सर."

बडे सरांनी भिंतीवरचं वेळापत्रक बराच वेळ न्याहाळलं. "मन कुठं बसवावं... मेश्राम, तुमच्या गणिताच्या तासाले बसवा. तसंही तिथं कोनाचं मन नसते."

अशा रीतीने ती खेमराजच्या वर्गात आली. पुढच्या आठवड्यात प्रश्नपत्रिका भरून घ्यायच्या, तोवर मुलांशी ओळख करून घ्यायची, असं ठरलं होतं. ती शेवटच्या बाकावर बसायची आणि खेमराज फळ्यावर समीकरण सोडवताना अकारण वळून पाहायचा. त्या आठवड्यात क्षची किंमत रोज वेगळी आली. पोरांनी तक्रार केली नाही.

शाळा सुटली की तिचं गाठोडं तो सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि दोघं खाणीच्या वस्तीपर्यंत चालत जायचे. तिथे तिची आत्या राहायची, जिजाबाई. सायकल दोघांच्या मध्ये. भरवेलीत सायकल मध्ये असली की ते फिरणं होत नाही, ते सामान पोचवणं होतं. हे वस्तीतल्या सगळ्या खिडक्यांना मान्य होतं.

तिच्या प्रश्नपत्रिकेच्या दुसऱ्या भागातल्या प्रश्नांना पाच उत्तरं असायची. पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्णपणे असहमत. खेमराजला ही पद्धत फार आवडली.

"थंडी जास्त आहे ना आज?" ती विचारायची.

"सहमत."

"मग स्वेटर का नाही घातला?"

"सांगता येत नाही."

"तुम्ही माझी टिंगल करून राह्यले मेश्राम सर."

"पूर्णपणे असहमत!"

नागपूरची पुस्तकी मराठी तिच्या तोंडात चांगली बसली होती, पण रागावली की ती आपोआप घरच्या बोलीत यायची. ते कळल्यापासून खेमराज तिला दिवसातून एकदा तरी रागावेल असं काहीतरी करायचा.

एकदा वाटेतच मावठ्याने गाठलं. आडोसा नाही. खेमराजने कोट काढला... तिने क्षणभर पाहिलं, तो आता आपल्या खांद्यावर घालणार म्हणून थोडी लाजलीसुद्धा... आणि त्याने तो गाठोड्यावर घातला.

"विद्यार्थी भिजतीन ना," तो म्हणाला.

तिने गाठोड्याकडे पाहिलं. मग तिनेही अंगावरची शाल काढून त्याच गाठोड्यावर पांघरली. कॅरिअरवरचं गाठोडं ऊबदार होऊन चाललं, आणि दोन मोठी शहाणी माणसं दोन बाजूंनी नखशिखान्त भिजत. पावसाचे थेंब तिच्या पापण्यांवर थांबत होते. खेमराजने ठरवलं की पापण्यांकडे पाहायचं नाही, आणि मग एका खड्ड्यात गेला. सायकल सोडली नाही.

जिजाबाईने दोघांना चुलीपुढे बसवलं आणि चहाची पितळी त्याच्या हातात दिली.

"मास्तर, तुमाले घर नाई का?"

"आहे ना आत्याबाई. बालाघाटले."

"मंग जात काहून नाई? आठ दिस झाले, माह्या दारात चहा पिऊन राह्यले."

"आत्या!" यशोधरा म्हणाली.

"मी काय वाईट बोलली? मी त येत जा म्हनून राह्यली."

चुलीच्या उजेडात केस पुसता पुसता त्या संध्याकाळी यशोधराने सांगितलं. तिची आई याच खाणीत डोक्यावर टोपलं वाहायची. पुढे वडील रेल्वेत लागले, गोंदियाला गेले. घरात तिच्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. आता वडिलांकडे भिलाईचं एक स्थळ आलं होतं आणि त्या लोकांना थांबायचं नव्हतं. होळीपर्यंत प्रबंध झाला तर झाला, नाहीतर पुस्तकं बांधून ठेवायची, असं घरात ठरलं होतं.

"मायले सांगून आली मी... डिग्री घेऊनच येईन." ती बोटांनी ओल्या पदराचं टोक पिळत होती. "पण आता माझ्या हातात काही नाही. माझा सगळा निकाल तुमच्या वर्गातल्या पोरांच्या उत्तरांवर आहे."

चहाची पितळी खेमराजच्या ओठांपर्यंत जाऊन थांबली.

आता एखाद्या परगावच्या माणसाने हे वाक्य ऐकून मान डोलावली असती आणि चहा प्यायला असता. पण खेमराज मास्तर होता. मुलांच्या उत्तरांवर मोठ्या माणसाचा निकाल लागतो, म्हणजे काय होतं, हे मास्तराइतकं कोणाला माहीत! पोरं नापास झाली की मास्तरची पगारवाढ थांबते, बडे सर बोलावून घेतात. इथे तर बाईंची डिग्री थांबणार होती. आणि पोरं त्याच्या वर्गातली! त्यांच्या अकलेचा त्याला पुरेपूर अंदाज होता.

दुसऱ्या दिवशी यशोधरा कागदपत्रांसाठी तीन दिवस बालाघाटला गेली. खेमराजने वर्गाचं दार लावलं, शर्टाच्या आतून चाकाचा ठसा असलेला कागद काढला आणि म्हणाला, "पोट्टेहो, पेपर फुटला आहे."

वर्गात आनंदाची लाट उसळली.

मग त्याने फळ्यावर सगळी बरोबर उत्तरं लिहून दिली. खोटं बोलता का? कधीच नाही. नक्कल केली आहे का? नक्कल म्हणजे काय? वस्तू सापडली तर? पोलीस चौकीत. आदर्श व्यक्ती? आई, वडील, मुख्याध्यापक, याच क्रमाने. आवडता छंद? आज्ञापालन. तीन दिवस घोकून घेतलं. चंपा नावाच्या एका पोरीने हात वर करून विचारलं, "सर, पन मले त सायकल चालवाले आवडते."

"सायकल चालव," खेमराज म्हणाला, "पन लिहिताना आज्ञापालन लिही."

शनिवारी प्रश्नपत्रिका भरल्या गेल्या. वर्गात इतकी शांतता होती की खाणीतला भोंगा ऐकून पोरं दचकली. एकाने डोकं खाजवलं नाही, एकाने शेजाऱ्याकडे पाहिलं नाही. यशोधरा बाकांमधून फिरत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत होतं. दाराशी तिने खेमराजकडे पाहून हलकेच मान झुकवली. त्या मान झुकवण्यावर खेमराज रविवारभर जेवला नाही. भूकच लागली नाही.

सोमवारी तो लवकर आला. केसांना तेल, राखाडी शर्टाला इस्त्री. आभार कसे मानले जातील, याची त्याने मनातल्या मनात दोन-तीन रूपं तयार ठेवली होती. शिक्षकखोलीत यशोधरा एकटीच बसली होती. समोर कागदांचा ढीग. डोळे लाल.

"मेश्राम सर," ती म्हणाली, "तुमच्या वर्गातले सगळे विद्यार्थी सोळा वर्षांचे आहेत का?"

"नाई... म्हणजे..."

"सगळ्यांच्या वडिलांचा धंदा शेती? खाणीच्या वस्तीत?"

खेमराजला फळा आठवला. फळ्यावर त्याने प्रश्नांच्या वरची वय-धंद्याची माहिती कशी भरायची याचा नमुनाही लिहून दिला होता.

"आणि चंपा," तिने वरचा कागद उचलला, "चंपा मुलगा कधी झाली? साऱ्या पोरी मुलगे कधी झाल्या?"

"तो... तो नमुना होता."

"काहून केलं तुम्ही असं? काहून?" आता सगळी पुस्तकी मराठी वाहून गेली होती. "मले पोरायचं मन पाह्याचं होतं! हे त सारं तुमचं मन लिहून ठेवलं त्यायनं! शंभर टक्के सत्यवादी! असं कुठं असते का? माहे गाईड हे पाह्यतीन आन् मले दारातून परत धाडतीन!"

"पन तुम्हीच म्हनलं... उत्तरांवर निकाल आहे... मले वाटलं, बरोबर उत्तरं आली त..." तो थांबला. "तुमचा निकाल चांगला लागावा म्हनून."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. राग होता, डोळ्यांत पाणी होतं आणि त्या दोघांच्या मधून हसू वाट काढायला बघत होतं, ते तिने ओठ दाबून अडवलं. कारण मूर्खपणा खूप जणांनी तिच्यासमोर केला होता, पण तिच्यासाठी, एवढ्या मेहनतीने, कोणीच केला नव्हता.

"बरोबर उत्तर नसतेच त्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "फक्त खरं असते."

पुन्हा भरून घेऊ, असं म्हणत दोघं बडे सरांच्या खोलीत गेले. बडे सर खुर्चीवर उभे राहून भिंतीवर खिळा ठोकत होते. शंभर टक्क्यांची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. चित्रकलेच्या मास्तरांकडून त्यांनी पाटी रंगवून घेतली होती — 'या शाळेत कोणीही खोटे बोलत नाही. हुकुमावरून.'

"पुन्हा?" ते खिळ्याकडेच बघत म्हणाले. "शंभरचे एकशे एक होनार का? नाई ना? शुक्रवारी निरीक्षक साहेब येऊन राह्यले, खास ही पाटी पाहाले. आता कोनी तोंड उघडलं अन् या शाळेत खोटं बोलतात असं म्हनलं, त त्याची नोकरी गेली समजा. मेश्राम, खुर्ची धरा, हालून राह्यली."

खेमराजने खुर्ची धरली.

त्यानंतरचे दिवस यशोधरा त्याच्याशी बोलली नाही. गाठोडं तिने स्वतः डोक्यावर घेतलं. शनिवारच्या गाडीने ती गोंदियाला निघणार, असं जिजाबाईकडून कळलं. "पुस्तकं बांधून ठेवली पोरीनं," जिजाबाई म्हणाली, आणि त्या दिवशी चहा विचारला नाही.

मधल्या काळात खेमराजने वर्गात एक प्रयत्न करून पाहिला. दार लावून म्हणाला, "पोट्टेहो, आता खरं लिहा."

सगळी पोरं त्याच्याकडे दयेने पाहत राहिली. चंपा उठली. "सर, कोनतं खरं? फळ्यावर लिहून द्या ना."

"फळ्यावर नाई. तुमचं तुमचं."

"अन् बडे सरनं छडी घेतली त?"

खेमराजने दार पुन्हा उघडलं. पोरांना चूक म्हणता येत नव्हतं; खरं बोलून कोणाचं भलं झालेलं त्यांनी तरी कुठे पाहिलं होतं?

शुक्रवारी निरीक्षक साहेब जीपमधून उतरले. मैदानात सगळी शाळा रांगेत. बडे सरांनी पाटी दाखवली, शंभर टक्क्यांचा इतिहास सांगितला. साहेबांनी पुढच्या रांगेतल्या चंपाला विचारलं, "बेटी, तुम्हारा शौक क्या है?"

"आज्ञापालन," चंपा म्हणाली.

"वाह! और तुम्हारा?"

"आज्ञापालन," बाजूचा पोरगा म्हणाला.

"आज्ञापालन," त्याच्या बाजूचा न विचारता म्हणाला, आणि मग ती लाट सगळ्या रांगेतून शेवटापर्यंत गेली. यशोधरा शिक्षकांच्या ओळीत खाली मान घालून उभी होती. खेमराजने तिच्याकडे पाहिलं. मग पाटीकडे. मग आपले पाय पुढे चालू लागलेले त्याला दिसले, आणि त्याला वाटलं, आता आपणही गेलेलं बरं.

"साहेब," तो म्हणाला, "हे मी शिकवलं. सारं खोटं आहे."

बडे सरांच्या हातातली छडी आपोआप वर झाली.

"नोकरीचं मंग पाहू," खेमराज म्हणाला. "आधी या पोरायले दाखवू द्या, खरं कसं सांगतात ते. रामटेके बाई... मले विचारा. पहिल्यापासून."

यशोधराने मान वर केली. मग तिने पिशवीतून एक कोरी प्रश्नपत्रिका काढली. मैदानाच्या मध्यभागी येऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. पेन्सिल हातात घेतली.

"तुम्ही वडीलधाऱ्यांशी कधी खोटं बोलला आहात का?"

"हौ. पंधरा ऑगस्टले. बडे सरांना म्हनलं होतं, भाषण छान झालं."

सगळ्या शाळेचा श्वास एकदम आत गेला आणि आतच राहिला.

"परीक्षेत कधी नक्कल केली आहे?"

"मॅट्रिकले. इतिहासात. समोरच्याची. तो नापास झाला, मी पन झालो."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. निरीक्षक साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"रस्त्यात वस्तू सापडली तर..."

"ठेवून घेतो." त्याने शर्टाच्या आतून चाकाचा ठसा असलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. "मालक समोर उभी असताना ठेवला. सारा घोळ त्याच्यानंच झाला."

तिने त्या कागदाकडे पाहिलं आणि एक क्षण तिला पुढचा प्रश्न सापडेना.

"शेवटचा," ती म्हणाली. "तुमच्या आयुष्यात सर्वांत महत्त्वाचं काय? पुढीलपैकी एक निवडा. ज्ञान, पैसा, कुटुंब, देश, धर्म."

खेमराजने विचार केला. खरंच केला, कपाळावर आठ्या आल्या.

"यादीत छापलंच नाई ते."

"काय छापलं नाही?"

"तुम्ही."

खाणीकडून येणारा ट्रकचा आवाजसुद्धा थांबल्यासारखा झाला. यशोधराने कागदाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मग अगदी संशोधकाच्या आवाजात म्हणाली, "खाली... 'इतर' म्हणून जागा दिलेली आहे."

"तुम्हाले 'इतर' मध्ये कसं लिहू बाई?"

आणि ती हसली. न हसण्याचं काहीही न ठरवता, मान मागे टाकून, भर मैदानात हसली.

"काय चाललं आहे हे!" बडे सर भानावर आले. पण निरीक्षक साहेब चष्मा डोळ्यांवर चढवून पुढे झाले होते. "रुकिए बिसेन जी." त्यांनी मुलांकडे पाहिलं. "सच बताओ. कोई मारेगा नहीं. नकल किस किसने की है?"

पोरांनी आधी बडे सरांच्या छडीकडे पाहिलं. मग चंपाचा हात वर गेला. मग तिच्या शेजारचा. मग पुढच्या रांगेत, मागच्या रांगेत, धानाचं रोप लागावं तसे हातच हात. शिक्षकांच्या ओळीतही दोन वर गेले. चित्रकलेच्या मास्तरांनी तर दोन्ही हात वर केले. शेवटी साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचा हात कोपरापर्यंत उचलला. "एक बार," ते म्हणाले. "संस्कृत में."

एवढ्या लोकांत आपणच खाली हात घेऊन उभे आहोत, हे बडे सरांच्या ध्यानात आलं. त्यांनी हात वर केला. छडी त्याच हातात होती, ती पडली. "मॅट्रिकले... मी त पुस्तकच नेलतं," ते पुटपुटले.

ज्या टाळ्या पडल्या त्या खाणीच्या पार पलीकडे ऐकू गेल्या म्हणतात.

त्याच दुपारी प्रश्नपत्रिका पुन्हा भरल्या गेल्या. या वेळी वर्गात गोंगाट होता, डोकी खाजवली जात होती, पेन्सिली चावल्या जात होत्या. एका पोराचा आदर्श बसचा ड्रायव्हर निघाला. एकाला देश सगळ्यांत महत्त्वाचा वाटत होता, पण फक्त हॉकीच्या वेळी. कोणाला सापडलेले पैसे अर्धे स्वतःला आणि अर्धे आईला द्यायचे होते. आईने कुठून आणले विचारलं तर सगळेच तिला. चंपा पुन्हा मुलगी झाली. तिला सायकल हवी होती, आणि मोठेपणी खाणीतला साहेब व्हायचं होतं, ज्याला टोपलं उचलावं लागत नाही, फक्त उचलणाऱ्याची मजुरी वाढवावी लागते. ते वाचून यशोधराने कागद बाजूला ठेवला आणि खिडकीतून खाणीकडे पाहिलं.

संध्याकाळी गाठोडं पुन्हा सायकलच्या कॅरिअरवर होतं. वस्तीचं वळण आलं.

"यशोधरा," खेमराज म्हणाला. बाई नाही, रामटेके नाही. नाव तोंडात कसं बसतं हे पाहिल्यासारखं. "ते मैदानात... मी सारं खरं सांगितलं. तुम्ही काहीच नाई बोलल्या."

"मला कुठे कोणी प्रश्न विचारला?"

"मंग आता..."

"उद्या गाडीनं जाऊन राह्यली मी. गोंदियाला." ती पुढे बघत म्हणाली. "बाबांना सांगाले, का भिलाईच्या लोकांना नाही म्हना. रविवारी बाबांना घेऊन येईन आत्याकडं. तुम्ही... तो राखाडी शर्ट नका घालू. पांढरा घाला."

"पांढरा नाई माह्याजवळ."

"मग शिवा ना! का तेही मीच सांगू?"

ती रागावली होती, म्हणजे बोली घरची झाली होती, म्हणजे सगळं ठीक होतं. आणि मग तिने मधली सायकल अलगद त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या दुसऱ्या बाजूला धरून चालू लागली. दोघांच्या मध्ये काही उरलं नाही. वस्तीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या.

प्रबंध होळीच्या आधी गेला आणि पहिल्या वर्गात पास झाला. त्यात एक ओळ होती, की ज्या शाळेतल्या मुलांनी खोटं बोलल्याची सर्वाधिक कबुली दिली, तीच शाळा सर्वांत विश्वसनीय मानावी लागते. बडे सरांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि पाटी बदलली. 'या शाळेत सर्वजण खोटे बोलतात व तसे खरे सांगतात. हुकुमावरून.' निरीक्षक साहेबांनी तिच्यावर सही केली.

लग्न वैशाखात झालं. यशोधराची आई खाणीतल्या जुन्या मैत्रिणींमध्ये बसली होती आणि लेकीची डिग्री त्यांच्यात या हातातून त्या हातात फिरत होती. कोणाला वाचता येत नव्हती, पण प्रत्येकीने ती दोन्ही हातांनी धरली. यशोधरा बालाघाटच्या अध्यापन विद्यालयात शिकवायला लागली. आणि शाळा उघडल्यानंतर पहिल्याच सोमवारी खेमराजने रीतसर मार्गाने, बडे सरांच्या शिफारशीसह, पुढील अर्ज वर पाठवला —

प्रति,
माननीय जिल्हा शिक्षणाधिकारी, बालाघाट.

विषय : किरकोळ रजा मिळणेबाबत.

महोदय, सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जदारास आज सकाळपासून अत्यंत आनंद होत असल्यामुळे तो शाळेत उपस्थित राहून गणित शिकवण्याच्या अवस्थेत नाही. वैद्यकीय दाखला जोडता आला नाही, कारण डॉक्टरांच्या मते हा आजार नाही. तरी 'आनंद' हे कारण रजा नियमांत नसल्यास ते योग्य त्या कलमाखाली घालण्यात यावे, सदर रजा पूर्ण पगारी मंजूर व्हावी, ती अर्जदाराच्या शिल्लक रजेतून वजा करू नये, आणि आनंद कमी होण्याचे कोणतेही चिन्ह दिसत नसल्याने तिची मुदत आपोआप वाढत राहून निवृत्तीनंतरही चालू ठेवावी, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक,
खे. म. मेश्राम
सहायक शिक्षक (गणित)